शेवटचा आकडा

उधाणाच्या रात्री बाबा बांधावर जायचे,
हातात बॅटरी, कमरेला पंचा,
आणि पाण्याकडे नाही, शेताकडे बघत चालायचे.
खाडी बाहेरून येते, म्हणत, पण कळते आतून.
भाताच्या मुळाशी कुठे बुडबुडा फुटतोय,
तिथला चिखल बोटाने जिभेला लावायचा.
खारट लागला की समजायचं, कुर्लीने काम केलंय.
बीळ बोटाएवढं.
सकाळपर्यंत त्यातून बैल जाईल.

हे मला नंतर आठवलं.
आधी फक्त एक पावती होती मोबाइलवर,
पतसंस्थेची, आईच्या आरडीची.
खाली निळी ओळ, ओळीच्या शेवटी चारशे सतरा.
आचऱ्यात वीज गेलेली, पंखा बंद,
दुसरं काही काम नव्हतं.
साताच्या जागी आठ लिहिला.

दार वाजलं नाही. कुत्रं भुंकलं नाही.
कडी होती, कुलूप होतं, किल्लीही मागितली होती मघाशी,
फक्त एका बाजूची भिंत बांधायची राहून गेली होती.
चारशे अठरा उघडलं:
तारी बाई. सोनेतारण. पाटल्या दोन.
वजन, तारीख, थकलेले हप्ते.
मी मोबाइल पालथा टाकला,
चुकून न्हाणीघराचं दार ढकलावं तसा.

एकोणीस उघडायची गरज नव्हती.
एक बीळ दिसलं की बांध कळतो.
(खोटं कशाला बोलू. बोट तिथपर्यंत गेलं होतं.)

अर्ज लिहिला, दोन पानी, कुठे काय आणि कसं बुजवायचं तेसुद्धा.
पराडकर मॅनेजरनी तो दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.
"पण थय तू गेलंस कित्याक?"
ज्यांनी बनवलं ते कोल्हापूरचे, स्पीकरवर:
असं कोणी करत नाही हो, मॅडम.
मी म्हटलं, मी केलं.
पोलीस हा शब्द कोणी उच्चारला नाही,
पण माझ्यासाठी आलेला चहा
टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेला.

बाबांनाही एका वर्षी असंच.
दुसऱ्याच्या हद्दीतलं बीळ दाखवायला गेले,
तर म्हणाले, तुझ्याच पायान पडला ता.
घरी आले, पाय धुतले, जेवले.
पुढच्या भरतीला पुन्हा बॅटरी घेऊन निघाले.
आईने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी अवसेपर्यंतची मुदत दिली, लेखी.
मग पुनवेपर्यंत वाढवली.
गावात कोणाला बोलले नाही. बोलले असते तर रांग लागली असती,
पैसे काढायची की शेजाऱ्याचं बघायची, देव जाणे.
रोज रात्री माझ्या नावाने आत जायचं
आणि आईची पावती उघडून बघायची, फक्त आईची.
उघडायची.
रोज उघडायची.
ती झोपलेली असायची बाजूला, तोंड उघडं टाकून,
आणि तिचे सहा हजार चारशे माझ्या तळहातावर.

एका मंगळवारी नाही उघडली.
आपल्याला ही पावती पाहण्याची परवानगी नाही.
इतकं गोड मला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं.
फोन आला नाही, पत्र तर नाहीच.
कोणीतरी कोल्हापुरात रात्री उठून
चिखल आणि पेंढा चोपून गेलं होतं.

शनिवारी बाजारात तारी बाई भेटल्या.
मनगटांवर काचेच्या, हिरव्या, चार-चार.
मी बांगड्यांवरून नजर काढली
आणि टोपलीतल्या बांगड्यांवर ठेवली.
बर्फ वितळून पायाशी येत होता.
बाईंनी सातवीत गणित शिकवलं मला, अजून सोडत नाहीत:
पाचशेतून तीनशे साठ गेले, राहिले किती गो?
एकशे चाळीस, मी म्हटलं.
शाबास, म्हणाल्या,
आणि सुटे स्वतः मोजून घेतले.